बिघाड नेमका कुणाच्या घरात?

‘नेट चालत नाही.’ संगणक दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात दिवसभर ऐकू येणारं हे वाक्य. त्याच्या पोटात किती परींचे बिघाड दडलेले असतात, हे मात्र क्वचितच कुणी उलगडून बघतं. कुणाच्या गल्लीत रस्त्याच्या खोदकामात केबल तुटलेली असते, कुणाच्या संगणकाचं घड्याळ मागे पडलेलं असतं, कुणी घाईघाईत भलत्याच साईटला परवानगी देऊन बसलेलं असतं; आणि कितीतरी वेळा घरात सगळं ठणठणीत असतं, पलीकडच्या सर्व्हरनेच मान टाकलेली असते. उपाय मात्र सरसकट एकच सांगितला जातो: ब्राउझरमधलं सगळं साफ करा, तरी नाही जमलं तर फॉरमॅट मारा.

या सरसकट उपायावरून मामा आणि भाची यांचं नेहमी वाजतं. मामा अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरात राहणारे निवृत्त माध्यमिक शिक्षक. नेवासा तालुक्यात वडिलोपार्जित जमीन, घरात जुना डेस्कटॉप, आणि सातबारा, पेन्शन, वीजबिल, नातवाचा निकाल अशी सगळी कामं त्याच्यावरच. भाची श्रीरामपूरला संगणक शिकवते. दोघंही या लेखापुरती उभी केलेली माणसं आहेत, पण त्यांच्या तोंडी आलेल्या अडचणी जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात येतात आणि त्यांच्यातला वाद खरा आहे. मामांचं म्हणणं, घरच्या माणसाने ब्राउझरच्या भानगडी शिकायच्या कशाला? साईट ज्याने बनवली त्याने ती चालवून दाखवावी, यंत्र बिघडलं तर दुकानदाराने बघावं. भाचीचं म्हणणं, दुरुस्ती तुम्ही करू नका हवं तर, पण बिघाड कुठे आहे हे कळल्याशिवाय संगणक कुणाच्या हाती देऊ नका.

“कालपासून एकही साईट धड उघडत नाही बघ,” मामांनी फोनवर सुरुवात केली. “लाल त्रिकोण येतो आणि ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ म्हणतो. बँकेचं तेच, उताऱ्याचं तेच, मेलचं तेच. दुकानदार म्हणाला, व्हायरस असणार. घेऊन या, फॉरमॅट मारून देतो.”

“मामा, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते?”

“तारखेचा काय संबंध?”

“बघा तर.”

थोडा वेळ गेला. “एक जानेवारी, दोन हजार बारा.”

डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२ क्रमांकाचा. वीज बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. काही वर्षांत तो उतरतो, आणि मग लाईट गेली किंवा प्लग काढला की घड्याळ जाऊन बसतं थेट जुन्या तारखेवर. ब्राउझरचा यात संबंध असा की, प्रत्येक सुरक्षित साईटजवळ एक डिजिटल प्रमाणपत्र असतं आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत वैध, हे नोंदलेलं असतं. सप्टेंबर २०२० पासून नव्या प्रमाणपत्रांची मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवसांवर आली. मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ संस्थेने तर सुरुवातीपासून ९० दिवसांचीच प्रमाणपत्रं दिली. संगणकाच्या लेखी साल २०१२ असेल, तर आजचं कुठलंही प्रमाणपत्र त्याला अजून लागूच न झालेलं दिसतं. तो ते नाकारतो, आणि हातातल्या माहितीवर त्याचा निर्णय बरोबरच असतो. त्या लाल पानावर बारीक अक्षरांत ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ असंही लिहिलेलं होतं. डेट म्हणजे तारीख, एवढंच त्यातलं वाचलं असतं तरी पुरलं असतं.

मामांनी तारीख आणि वेळेच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘सिंक नाऊ’ दाबलं, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, आणि बँकेपासून सातबाऱ्याच्या भूलेख साईटपर्यंत सगळं उघडलं.

“तेवढा सेल बदलून घ्या,” भाची म्हणाली. “नाहीतर पुढच्या वेळी लाईट गेली की हेच रामायण.”

“आणि फॉरमॅट मारलं असतं तर?”

“तुमचे फोटो, पासवर्ड, बुकमार्क सगळं गेलं असतं. सेल तसाच राहिला असता.”

इथपर्यंत भाचीची बाजू वरचढ आहे. पण मामांनी लगेच विचारलेला प्रश्न सोडून देण्यासारखा नाही. “मग त्या पानावर ‘पुढे जा’ असाही रस्ता असतो, तो कशाला ठेवलाय? मी तर नेहमी ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून पुढे जातो. काही होत नाही.”

“एकच साईट तक्रार करत असेल आणि तुमचं घड्याळ बरोबर असेल, तर मुख्यतः दोन शक्यता उरतात. त्या साईटवाल्याने प्रमाणपत्राचं नूतनीकरण केलेलं नाही, किंवा मधे कुणीतरी बसून तुमचं बोलणं ऐकतोय. तुम्हाला आणि मला यातला फरक पान बघून कळत नाही. म्हणून जिथे पासवर्ड किंवा पैसे आहेत, तिथे त्या रस्त्याने जायचंच नाही. बऱ्याच बँकांच्या साईटवर ब्राउझर तो रस्ता दाखवतसुद्धा नाही.”

मामांनी हे मान्य केलं. पण या एका उदाहरणावरून घरच्या माणसानेच वैद्य व्हायचं, हे त्यांना पटेना. “हा दोष माझ्या यंत्रात होता, म्हणून सापडला. दर वेळी तसं थोडंच असतं? दहावीचा निकाल आठव.”

१६ जुलै २०२१. कोविडमुळे परीक्षा झालीच नव्हती, अंतर्गत गुणांवर निकाल लागायचा होता, आणि राज्यातले १५ लाखांहून अधिक विद्यार्थी दुपारी एक वाजता निकालाच्या साईटवर गेले. साईट कोलमडली आणि पुढे कित्येक तास उघडलीच नाही. त्या दुपारी घरोघरी मुलं एफ ५ दाबत बसली, कुणी राउटर बंद-चालू केला, कुणी ब्राउझर बदलला. यातल्या कशानेही काही होणार नव्हतं, कारण बिघाड त्यांच्या घरात नव्हताच.

“मग सांग,” मामा म्हणाले, “त्या दिवशी पोरांनी काय शिकायला हवं होतं?”

“थांबायला,” भाची म्हणाली. “आणि थांबायचं की नाही हे कळण्यापुरतं वाचायला. मामा, घरातली लाईट गेली की तुम्ही पहिलं काय करता?”

“गॅलरीत जाऊन समोरच्यांकडे आहे का बघतो.”

“त्यांच्याकडे असेल तर?”

“मग आपला फ्यूज. त्यांच्याकडेही नसेल तर डीपीला फॉल्ट. वायरमनला फोन.”

“तेच इथे करायचं. साईट उघडली नाही की आधी मोबाईलचं वायफाय बंद करायचं आणि मोबाईल डेटावर तीच साईट उघडायची. तिथेही नाही उघडली, तर दोष बहुतेक साईटचा; चहा घ्या. मोबाईलवर उघडली, तर दोष तुमच्या लाईनचा किंवा संगणकाचा. मग संगणकावर दुसरी एखादी साईट बघा. तीही नाही उघडली तर लाईन. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर बहुतेक केबलच तुटलीय. संगणकाला हात लावायचं कारण नाही, कंपनीला कळवा. दुसऱ्या साईट उघडतात आणि हीच एक अडते, तर बिघाड ब्राउझरच्या आत.”

यात ब्राउझर स्वतःही मदत करत असतो, फक्त त्याची भाषा रुक्ष असते. पाचशेच्या घरातला आकडा दिसला, म्हणजे ५००, ५०२, ५०३, ५०४, की समजावं विनंती पोचली पण पलीकडचा सर्व्हर कोलमडलाय. ४०४ म्हणजे सर्व्हर शाबूत आहे, पण मागितलेलं पान त्या पत्त्यावर नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे वाट पाहून पाहून उत्तर आलं नाही. ‘एनएक्सडोमेन’ म्हणजे या नावाची साईट सापडलीच नाही. अशा वेळी पत्ता पुन्हा एकदा अक्षर-अक्षर तपासावा, कारण सातबाऱ्याच्या साईटच्या पत्त्यातल्या ‘महाभूमी’च्या रोमन स्पेलिंगमधला एक एच सुटला तरी हेच उत्तर येतं. पत्ता बरोबर असूनही ते येत असेल तर राउटर दोन मिनिटं बंद ठेवून पाहावा. नावावरून ठिकाण शोधून देणारी यंत्रणा अडखळलेली असू शकते.

यातले ब्राउझरचे स्वतःचे संदेश क्रोम आणि फायरफॉक्समध्ये मराठीतही दिसू शकतात. सेटिंगमध्ये भाषा मराठी करून ब्राउझर पुन्हा सुरू केला की झालं. जिल्ह्यातल्या फार थोड्या घरांमध्ये ते केलेलं असतं, आणि ही खेदाची गोष्ट आहे, कारण ज्याला इंग्रजी संदेशाची धास्ती वाटते त्याच माणसाला मराठी संदेशाची सर्वांत जास्त गरज असते.

आता प्रश्न ब्राउझरच्या आतल्या बिघाडाचा. इथेच ‘सगळं साफ करा’ हा मंत्र सर्वाधिक नुकसान करतो.

मामांचा अनुभव ताजा होता. एका दुकानात त्यांच्या ब्राउझरमधला सगळा साठा पुसून दिला गेला. ब्राउझर जलद झाला, यात शंका नाही. पण जतन केलेले पासवर्ड गेले, दहा ठिकाणी पुन्हा ओटीपी मागवावे लागले, आणि पेन्शनच्या साईटचा पासवर्ड तर त्यांनी कुठे लिहूनच ठेवला नव्हता. मूळची अडचण काय होती? विम्याच्या साईटवर पावती दिसत नव्हती.

“पावतीचं बटण दाबल्यावर वर पत्त्याच्या पट्टीत उजव्या टोकाला काही चिन्ह उमटलं होतं का?” भाचीने विचारलं.

“असेल. कोण बघतं तिकडे?”

तिथेच पाहायचं असतं. अनेक सरकारी आणि बँकांच्या साईट उतारा, चलन किंवा पावती नव्या खिडकीत उघडतात. जाहिरातींच्या आपोआप उघडणाऱ्या खिडक्यांनी लोक हैराण झाले, म्हणून ब्राउझर अशा खिडक्या अडवू लागले. त्या अडवण्यात कामाची खिडकीही अडकते. पट्टीच्या उजव्या टोकाला छोट्याशा खिडकीचं, त्यावर लाल खूण असलेलं चिन्ह येतं. त्यावर क्लिक करून त्या एका साईटला कायमची परवानगी दिली की पावती समोर. पासवर्ड पुसण्याशी या बिघाडाचा काडीचाही संबंध नव्हता.

खरोखरच साठ्याची भानगड असेल तर ती ओळखायची सोपी रीत आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकत्र दाबले की क्रोममध्ये इनकॉग्निटो खिडकी उघडते. तिच्यात जुन्या कुकी नसतात, जुना साठा वापरला जात नाही आणि ब्राउझरला वरून जोडलेली एक्स्टेन्शनही आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. साध्या खिडकीत अडणारी साईट इथे उघडली, तर चोर या तिघांपैकीच एक. मग आधी साध्या खिडकीत कंट्रोल धरून एफ ५ दाबावं, म्हणजे ब्राउझर जुनी प्रत बाजूला ठेवून पान नव्याने मागवतो. तेवढ्याने नाही भागलं, तर पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साईटचा डेटा पुसावा. तिथलं लॉगिन जाईल, बाकीचं सगळं जागच्या जागी राहील.

कुकी ही मुळात आपल्या सोयीसाठी आलेली गोष्ट. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू माँटुली यांनी ती तयार केली, कारण साईटला एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेला माणूस तोच आहे हे ओळखता येत नव्हतं. आजही लॉगिन टिकतं ते तिच्यामुळे; अर्धवट भरलेला फॉर्म जेवून आल्यावर ‘सेशन एक्स्पायर्ड’ म्हणतो, तेव्हा तिची मुदत सर्व्हरने संपवलेली असते. हा बिघाड नाही. लांबलचक मजकूर आधी वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवावा आणि मग फॉर्ममध्ये चिकटवावा, एवढंच.

एक्स्टेन्शनचं प्रकरण मात्र मामांच्या घरात रंगलं. सुट्टीत आलेल्या नातवाने फुकटचं व्हीपीएन टाकून ठेवलं होतं. त्यामुळे ब्राउझरची प्रत्येक विनंती परदेशातल्या कुठल्या तरी यंत्रावरून फिरून यायची, आणि भारतातल्या काही सरकारी साईट परदेशातून आलेली विनंती दारातच परतवतात. मामा सावेडीत बसलेले, पण साईटच्या लेखी ते युरोपात. कुणी अमेरिकेत राहणाऱ्या मुलाला गावच्या जमिनीची कागदपत्रं काढायला सांगितली आणि साईटच उघडेना, यामागेही अनेकदा हेच असतं. तो दोष त्याच्या संगणकाचा नसतो आणि तिथे बसून तो दुरुस्तही होत नाही. मामांच्या घरी उपाय एका क्लिकचा होता: व्हीपीएन बंद.

“बघ, म्हणजे घरच्यांनीच बिघडवलं,” मामा म्हणाले.

“घरच्यांनी नाही मामा, न विचारता ‘अलाऊ’ दाबण्याच्या सवयीने.”

या सवयीचा आणखी एक प्रताप मामांच्या पडद्यावर रोज दिसायचा. उजव्या कोपऱ्यात सरकत येणारी पाटी: तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले, ताबडतोब स्वच्छ करा. अँटिव्हायरस दोनदा चालवून झाला, काही सापडलं नाही. सापडणार कसं? तो व्हायरस नव्हताच. कुठल्या तरी सिनेमा किंवा क्रिकेटच्या साईटवर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असं आलं होतं, आणि ते दाबल्याने त्या साईटला सूचना पाठवायची कायमची मुभा मिळाली होती. खऱ्या कॅप्चाला ‘अलाऊ’ कधी लागत नाही. सेटिंगमध्ये गोपनीयता आणि सुरक्षा, त्यात साईट सेटिंग, त्यात नोटिफिकेशन. तिथल्या परवानगीच्या यादीत अनोळखी नावं दिसतात. ती काढली की पाट्या थांबतात.

याहून भयंकर प्रकार म्हणजे पूर्ण पडदा व्यापणारं, भोंगा वाजवणारं पान, आणि त्यावर ‘मायक्रोसॉफ्ट’च्या नावाने दिलेला फोन नंबर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे त्या कंपनीनेच सांगितलेलं आहे. अशा वेळी एस्केप कळ धरून ठेवावी, नाही जमलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. त्या नंबरवर फोन केला, समोरच्याच्या सांगण्यावरून दूरवरून संगणक चालवायचं ॲप टाकलं आणि पैसे गेले, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाईनवर कळवायचं. इथे लाज बाळगून गप्प बसणं फार महागात पडतं.

सातबाराच्या बाबतीतही फसवणुकीची एक वाट आहे. शोधयंत्रात ‘सातबारा ऑनलाईन’ टाकलं की सरकारी साईटसारख्या दिसणाऱ्या खाजगी साईटही समोर येतात. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का, हे पाहणं हीच खरी खूण. भूलेखवर उतारा बघायला पैसे लागत नाहीत, पण तो माहितीपुरता. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. त्याची साईट वेगळी, प्रत्येक उताऱ्याला १५ रुपये. आणि नगरकरांनी लक्षात ठेवायचं म्हणजे विभागाच्या यादीत आपला जिल्हा पुण्यात नाही, नाशिक विभागात शोधायचा. रोजचा व्यवहार पुण्याशी असल्यामुळे तिथे बोटं चुकतात, आणि खापर ब्राउझरवर फुटतं.

जिल्ह्याच्या नावाचंही असंच झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. सगळ्या फॉर्ममधल्या याद्या एका रात्रीत बदलत नसतात. ब्राउझर मात्र आपला पत्ता आपोआप भरताना पूर्वी साठवलेलं जुनं नाव टाकतो. यादीत नवं नाव असेल तर जुळत नाही आणि फॉर्म पुढे सरकत नाही. उपाय म्हणजे क्रोमच्या सेटिंगमध्ये साठवलेला पत्ता उघडून दुरुस्त करणं, आणि यादीत दोन्ही नावं शोधून पाहणं. जुने बुकमार्क ४०४ दाखवू लागले असतील तर तेही नव्याने करावेत.

मराठी लिहिणाऱ्यांची आणखी एक खास अडचण भाचीच्या वर्गात वारंवार येते. कळफलक मराठीवर असताना मोबाईल नंबर टाकला तर आकडे देवनागरी उमटतात, आणि बरेच फॉर्म ते आकडे मानतच नाहीत; ‘योग्य क्रमांक टाका’ म्हणत बसतात. माणूस दहा वेळा तोच बरोबर क्रमांक टाकून रडकुंडीला येतो. विंडोजची कळ धरून स्पेस दाबला की कळफलक इंग्रजी होतो. दुसरी गोष्ट जुन्या फॉन्टची. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप केलेला अर्ज फॉर्ममध्ये चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरं दिसतात, कारण त्या फॉन्टांत मराठी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले होते. एकेकाळी मराठी वर्तमानपत्रांच्या साईट अशाच फॉन्टांवर चालत, आणि योग्य फॉन्ट किंवा इंटरनेट एक्सप्लोरर नसेल तर वाचता येत नसत. युनिकोडमुळे तो त्रास संपला. मजकूर एकदा युनिकोडमध्ये बदलून घेतला की कुठेही चिकटवता येतो.

“इंटरनेट एक्सप्लोररचं नाव निघालं ते बरं झालं,” मामा म्हणाले. त्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा इथे होता. “आम्हाला सांगितलं, साईट फक्त एक्सप्लोररमध्येच उघडा. आम्ही ते शिकलो. मग तेच बंद. मग फ्लॅश टाका म्हणाले, तेही बंद. जावा टाका, ते बंद. दर चार वर्षांनी शिकलेलं सगळं तुम्ही रद्द करता, आणि वर आम्हालाच अडाणी ठरवता.”

तक्रार तंतोतंत खरी आहे. क्रोमने २०१५ मध्ये जावाचं जुन्या पद्धतीचं प्लगइन बंद केलं. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केलं. या निर्णयांमागे सुरक्षेची रास्त कारणं होती, पण त्यांची किंमत मोजली ती मामांसारख्यांनी, आणि पुढच्या वळणाची सूचना त्यांना त्यांच्या भाषेत, वेळेवर क्वचितच कुणी दिली. ज्या सरकारी साईटने एका काळी एकाच ब्राउझरची सक्ती केली, तिने तो गेल्यावर दुसरा कोणता वापरायचा हे पहिल्या पानावर ठळक मराठीत लिहायला हवं होतं. या मुद्द्यावर भाचीजवळ उत्तर नाही, आणि तिने ते द्यायचा प्रयत्नही केला नाही.

“रद्द करणाऱ्यांची बाजू मी घेत नाही,” ती म्हणाली. “पण तुमच्या मित्रांचा विंडोज ७ चा संगणक आहे ना? त्यांच्याकडे क्रोम १०९ वरच थांबलंय. जानेवारी २०२३ मध्ये ते आलं, त्यानंतरचं त्या विंडोजवर चढतच नाही. आता एखादी साईट अर्धीच दिसते, बटणं दबत नाहीत, आणि ते राउटर बदलताहेत. मेनूमध्ये मदत, मग क्रोमविषयी, तिथे आवृत्तीचा आकडा दिसतो. तो एकदा बघितला असता तर राउटरचे पैसे वाचले असते.”

“आणि माझा?”

मामांच्या संगणकावर विंडोज १०. त्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला; घरगुती वापरकर्त्यांसाठी नोंदणी केल्यास सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. विंडोज ११ त्या यंत्रावर अधिकृतपणे चढत नाही, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. भाचीने लिनक्स मिंटचा पर्याय सुचवला. मोफत आहे, जुन्या यंत्रावर चालतं, फायरफॉक्स त्यात आधीपासून असतं. मामांनी साफ नकार दिला. नवं काही शिकायची ही वेळ नाही, आणि चालतं यंत्र केवळ तारीख उलटली म्हणून टाकायचं हे त्यांच्या तत्त्वात बसत नाही. तूर्त नोंदणी करायची आणि बँकेचे व्यवहार अद्ययावत मोबाईलवर करायचे, एवढ्यावर तडजोड झाली. दोघंही त्यावर समाधानी नाहीत.

एका बाबतीत मात्र मामांनी भाचीच्याही पुढे पाऊल टाकलं. साईटवाल्यांना जबाबदार धरायचं हा त्यांचा आग्रह होताच. पण ‘तुमची साईट चालत नाही’ एवढ्या एका ओळीच्या तक्रारीला ‘कॅश क्लीअर करून बघा’, म्हणजे साठा पुसा, असं छापील उत्तर येतं, हे त्यांना ठाऊक होतं. आता ते तक्रार अशी लिहितात: तारीख आणि वेळ, पानाचा पूर्ण पत्ता, ब्राउझर आणि त्याची आवृत्ती, पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा. मग पुढे, हेच पान मोबाईल डेटावर आणि इनकॉग्निटोमध्येही उघडून पाहिलं, तिथेही ५०३ येतं. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून घेतलेला पडद्याचा फोटो जोडतात, त्यातला आधार क्रमांक आणि खाते क्रमांक आधी झाकून.

“यावर त्यांना मला कॅश पुसायला सांगता येणार नाही,” मामा म्हणाले.

भाचीने तो नमुना तिच्या वर्गासाठी मागून घेतला. मामांनी अट घातली, मुलांना आधी सेलचं शिकव. शेजारच्या बिल्डिंगमध्ये परवाच एकाने संगणक फॉरमॅट मारून आणलाय, आणि लाईट गेल्यावर त्याच्याकडे पुन्हा २०१२ साल उजाडलंय.